मोटारसायकलची पत्रिका

मुलीने मोटारसायकल घ्यायचं जाहीर केलं तेव्हा मी कोबी चिरत होते. ती पेपरातलं छोट्या जाहिरातींचं पान हातात घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “आई, आय ॲम बाइंग अ मोटरसायकल. युज्ड. बाबा मला चांगली निवडायला मदत करतील ना?”

“डोक्यावर पडलीस का?” मी म्हटलं.

“नॉट येट,” ती म्हणाली आणि कोबीची चिमूट तोंडात टाकून निघून गेली.

एकोणीस वर्षांची होती. जन्म इथलाच, मिशिगनचा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि नोव्हाय गावातल्या घरात आम्ही चांगले मुरलो होतो. कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून ती सुट्टीला घरी आली होती आणि गावाबाहेरच्या एका नर्सरीत रोपांना पाणी घालायचं काम तिने धरलं होतं. घरात गाड्या दोन. एक आमच्या ह्यांची, ऑफिसला जायला. दुसरी माझी, मी लायब्ररीत काम करायचे त्यासाठी. बस म्हणाल तर आमच्याकडे फक्त शाळेची पिवळी. तेव्हा तिला वाहन हवं होतं हे खरंच. पण म्हणून मोटारसायकल? सेकंडहँड कार घे म्हटलं, तर म्हणाली, मला मोटारसायकल आवडते. संपलं! आवडते म्हटल्यावर आपण काय बोलणार?

बरं, तिला आमच्या परवानगीची गरज नव्हती. पैसे तिचे, वय तिचं. कॉलेजजवळ शनिवार-रविवारचा कोर्स करून, परीक्षा देऊन, लायसन्सवर मोटारसायकलचा शिक्काही आणला होता पठ्ठीने, आम्हाला कळूसुद्धा न देता. ती एकटी जाऊन कुठलंही खटारं उचलून आणू शकली असती. तरी तिने बाबांना विचारलं होतं.

मला भीती वाटली. सरळ सांगते. आमच्या माहेरी-सासरी मोटारसायकलवरून पडून कुणाचं काही झालेलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ साताऱ्याला गेली कित्येक वर्षं फटफटी उडवत होता आणि त्याच्या केसालाही धक्का लागला नव्हता. पण लेक हेल्मेट घालून हायवेवर ट्रकच्या बाजूने चाललीये असं नुसतं डोळ्यांपुढे आणलं तरी मी हातातलं काम विसरायचे.

आता आमचे हे. एका कार कंपनीत ब्रेकच्या विभागात इंजिनिअर. दिवसभर चालत्या गाड्या थांबवायच्या कशा याचा विचार करणारा माणूस, पण घरात त्यांना कधी कुणाला थांबवता आलं नाही. मी त्यांना बातमी सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “किती सीसीची म्हणते?”

कर्म माझं!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं भाजीला निघालो होतो तेव्हा मी त्यांना बेत सांगितला. बेत माझाच. आजही सांगते, बेत तसा वाईट नव्हता.

“अहो, तिला नाही म्हणू नका.”

“म्हणजे घेऊ द्यायची?”

“घेऊ द्या कोण म्हणतंय? नाही म्हटलं की ती हट्टाला पेटेल. माझीच पोर आहे, मला माहीत नाही का? तुम्ही तिच्याबरोबर बघायला जायचं. एक गाडी बघा, दुसरी बघा. प्रत्येकीत काहीतरी खोट काढायची. बघता बघता उन्हाळा संपेल, ती कॉलेजला परत जाईल आणि बर्फ पडला की मोटारसायकल कोण चालवतंय? सुंठीवाचून खोकला जाईल.”

“हे खोटं बोलणं झालं.”

“खोटं कसलं? जुन्या गाडीत खोट नसायला ती काय देवाने पाठवलीये? आणि आपल्यात मुलगी पसंत नसली तर तोंडावर सांगतात का कधी? पत्रिका जुळत नाही म्हणतात. तिचाही मान राहतो, आपलाही.”

हे मी स्वानुभवाने बोलत होते. माझ्या लग्नाआधी दोन ठिकाणांहून ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला होता. त्यातल्या एकांनी तर पत्रिका मागवलीच नव्हती. मला तेव्हा राग आला होता, दोन दिवस जेवले नव्हते. पण इतक्या वर्षांनी तोच निरोप मला फार सोयीचा वाटला. वेळ आली की माणूस कुणाकडूनही शिकतो.

ह्यांनी भाजीची यादी मागितली. म्हणजे कबूल.

पहिली गाडी बघायला आम्ही तिघंही गेलो. मी कशाला, असं लेकीने विचारलं, तर म्हटलं घरात बसून तरी काय करू. गाडी एका तरुण पोराच्या गॅरेजमध्ये होती, लाल, चकचकीत पुसलेली. हे खाली वाकले आणि त्यांनी सगळ्यात आधी इंजिनावर तळहात ठेवला. मग लेकीला म्हणाले, “हात लाव.”

तिने लावला. “वॉर्म आहे.”

“आपण येणार हे त्याला माहीत होतं. तरी आपण यायच्या आधी त्याने गाडी सुरू करून ठेवली. का?”

तिने खांदे उडवले. हे म्हणाले, “थंड असताना ती सुरू व्हायला त्रास देत असणार. ते आपल्याला दिसू नये म्हणून. पुढच्या वेळी फोन करशील तेव्हाच सांगायचं, आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका.”

मग त्यांनी खिशातून छोटी बॅटरी काढली आणि पेट्रोलच्या टाकीत उजेड पाडला. आत सगळा गंज. ब्रेकच्या दांडीचं टोक घासलेलं, त्याच बाजूचं पाय ठेवायचं रबरही घासलेलं, म्हणजे गाडी एकदा तरी त्या अंगावर आपटलेली. गाडी खरोखरच भंगार होती. मी खूश! परतताना मी मागच्या सीटवर स्वेटर विणायला काढला आणि विचारलं, “काय हो, पत्रिका कशी होती?”

“नाही जुळत,” हे म्हणाले.

“व्हॉट्स पत्रिका?” लेकीने विचारलं. पोरीला मराठी कळायचं सगळं, पण काही शब्द तिच्या कानावरून कधी गेलेच नव्हते.

“गाडीची तब्येत,” मी म्हटलं. ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

दुसऱ्या गाडीच्या पुढच्या शॉकमधून तेल गळत होतं. तीही खरोखर वाईट. तिसरीपासून मात्र गोष्ट अवघड झाली. तिसरी गाडी बरी होती. ह्यांनी चेन ओढून बघितली, ती मागच्या चक्राच्या दात्यांवरून जराशी उचलली गेली, तर म्हणाले, “चेन गेलीये.”

“बाबा, चेन बदलता येते ना?”

“येते. पण नुसती चेन बदलून भागत नाही, दात्यांची चक्रंही बदलावी लागतात. आणि ज्याने चेनला कधी तेल दिलं नाही त्याने बाकी तरी काय बघितलं असेल?”

बोलणं बिनतोड होतं. लेकीने मान डोलावली आणि त्या माणसाचे आभार मानले. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांना खोटं बोलायची सवय नाही, आणि अर्धवट खरं बोलायची तर त्याहून नाही.

चौथीच्या वेळी मीच पुढे झाले. गाडी जपानी होती, तशी बाजारात बहुतेक जपानीच असायची. मी म्हटलं, जपानी गाड्यांनी धंदा पळवला म्हणून बाबांच्या कंपनीत लोक किती चिडलेत तुला माहीत नाही का, आणि आपल्याच दारात जपानी? लेक घाबरली. “बाबा, तुमच्या जॉबला प्रॉब्लेम होईल?” तिने इतक्या काळजीने विचारलं की हे एकदम म्हणाले, “छे छे, मोटारसायकलला कोण विचारतंय!” मी त्यांच्याकडे असं बघितलं की बस. मग त्यांनी घाईघाईने टायर जुने झालेत असं सांगितलं.

आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. कारण आमची पोरगी ते सगळं मनापासून ऐकत होती. बाबा सांगतात म्हणजे तसंच असणार! ती घरी येऊन विचारायची, टायर किती जुना ते कसं कळतं, हँडल सैल आहे का हे कसं बघायचं, गाडी आपटलेली असेल तर सांगाडा वाकलाय का ते कशावरून ओळखायचं. मग हे संध्याकाळी गॅरेजमध्ये बसायचे. एकदा शेजाऱ्याची मोटारसायकल मागून आणली आणि दोघं जमिनीवर पालथे पडून तिच्या दोन्ही चाकांना लागून दोरी ताणत होते. मागच्या चाकाला दोरी टेकवायची, पुढे ओढायची, आणि पुढच्या चाकापासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं येतंय का बघायचं. सारखं आलं तर गाडी सरळ. मी जेवायला हाका मारून थकले. आली तेव्हा दोघांचे हात काळे, आणि हसत होती दोघं कशाला तरी.

त्याआधीची दोन-तीन वर्षं बापलेकीचं बोलणं म्हणजे, हाउ वॉज स्कूल? फाइन. तेवढंच. आणि आता ताटावर बसूनसुद्धा कार्ब्युरेटर, प्लग, क्लच. माझ्या आमटीला कुणी नाव ठेवेना की चांगली म्हणेना.

“अहो, तुम्ही नकार द्यायला निघालात की क्लास काढलात?” मी एकदा भांडी पुसताना विचारलं.

“शिकतेय गं ती. आणि इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलंय का कधी?”

“मला टोमणा मारताय?”

“नाही, नाही. आपलं सांगितलं.” मग म्हणाले, “मला हे पुढे झेपणार नाही. ती माझ्या शब्दावर विश्वास ठेवते.”

“ठेवू दे की. म्हणूनच तर चाललंय.”

त्या महिन्यात मराठी मंडळींचं जेवण होतं. तिथे एक काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मुलीच्या जातीला मोटारसायकल म्हणजे जरा अतीच नाही का, उद्या स्थळं यायची तर लोक काय म्हणतील? मला एवढा राग आला! मी म्हटलं, “लोकांचं सोडा हो काकू, तिने आणलीच गाडी तर पहिली चक्कर तुम्हाला मारून आणायला सांगते.” घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की मी भलत्याच बाजूने भांडून आले. पण मला स्थळांची काळजी नव्हती. माझी काळजी निराळी होती, आणि तीच नेमकी मी कुणाला सांगत नव्हते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ना, तसं चाललं होतं.

ऑगस्ट संपत आला. लेकीचं परत जायचं सामान हॉलमध्ये जमायला लागलं आणि मी मनात म्हटलं, जिंकलो. तेवढ्यात तिला ती जाहिरात दिसली.

शहर मागे टाकून शेतं लागतात तिथे एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर होतं. दारात खडीचा रस्ता, बाजूला कोठार. म्हातारबुवांचे गुडघे गेले होते म्हणून गाडी विकायची होती. त्यांची बायको ओट्यावरच्या खुर्चीत बसली होती, तिने मला हात केला. मी आमच्या कारपाशीच थांबले. निळ्या रंगाची मोटारसायकल, ना फार मोठी ना लहान, कोठारासमोर उभी.

ह्यांनी या वेळी हात लावला नाही. लेकच गुडघ्यावर बसली. इंजिनावर तळहात ठेवला, थंडगार. किल्ली फिरवली, बटण दाबलं आणि गाडी पहिल्या दमात सुरू झाली. मग तिने ती बंद करून टाकीत बॅटरी मारली, चेन ओढली, शॉकवर बोट फिरवून तेल लागतंय का बघितलं, ब्रेकच्या दांड्यांची टोकं बघितली, पुढचं चाक धरून हलवलं. गाडीच्या सांगाड्यावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून बघितला. का विकताय ते परत एकदा विचारलं, सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून. म्हातारबुवांना तिचं कौतुक वाटत होतं ते दिसत होतं. ते कंबरेवर हात ठेवून प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होते.

“बाबा, मला काहीच सापडत नाही,” ती शेवटी म्हणाली. “तुम्ही बघा.”

हे बघायला लागले. एकदा इकडून, एकदा तिकडून. चष्मा काढला, पुसला, घातला. मला त्यांचा चेहरा दिसत होता. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा चेहरा वाचता येतो. गाडी चांगली होती. हवी तशी होती.

आणि मी माझ्या जागेवरून विचारलं, “काय हो, पत्रिका कशी आहे?”

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “फ्रेम जरा वाकलेली वाटते.”

म्हातारबुवांनी फ्रेम एवढा एक शब्द उचलला आणि काय म्हणताय म्हणून विचारलं. तेव्हा ह्यांना ते इंग्रजीत पुन्हा सांगावं लागलं. म्हातारबुवांचे कान लाल झाले. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ही गाडी आजवर एकदाही पडलेली नाही, सर. ओट्यावरची त्यांची बायको खुर्चीतून उठून उभी राहिली. सांगाडा वाकलाय म्हणजे गाडी आपटलेली आहे, आणि आपटलेली गाडी न सांगता विकतोय म्हणजे माणूस लबाड. आमच्या एका वाक्याने त्या सज्जन माणसाला त्याच्याच दारात लबाड ठरवलं होतं.

“मे आय हॅव सम स्ट्रिंग?” लेकीने त्यांना विचारलं.

त्यांनी कोठारातून सुतळी आणून दिली. ती खडीत पालथी पडली. एका बाजूने सुतळी ताणली, मग दुसऱ्या बाजूने. डोळा बारीक करून बघितलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. मग उठली, गुडघ्यांची खडी झटकली.

“बाबा, इट्स स्ट्रेट.”

हे खाली खडीकडे बघत होते.

“तुम्हाला माहीत होतं ना, सरळ आहे ते? तुम्ही असं कधी चुकत नाही.”

ह्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. तिनेही त्यांच्या नजरेमागून माझ्याकडे बघितलं. “आई?”

मी घाबरले की चिडते. जन्माचा स्वभाव आहे, त्याला औषध नाही. “हो, मीच सांगितलं त्यांना!” मी त्या खडीच्या रस्त्यावर मराठीत ओरडले. “काय चूक केली? नको होती मला मोटारसायकल. पहिल्या दिवसापासून नको होती! पत्रिका म्हणजे गाडीची तब्येत नाही, पत्रिका जुळत नाही म्हणजे नको आहे, पण नको म्हणून सांगायचं नाही. कळलं?”

“ऑल ऑफ देम?” तिने बाबांना विचारलं.

“पहिली खरंच खराब होती,” हे घाईने म्हणाले. “दुसरीपण.”

“आणि बाकीच्या?”

ते कोठाराकडे बघायला लागले. लेकीचा चेहरा उतरला. गाडी हातची गेल्यावर उतरतो तसा नव्हे. सगळा उन्हाळा गॅरेजमध्ये जमिनीवर लोळून बाबांकडून जे शिकली त्यातलं किती खरं होतं, हे ती मनात मोजत असणार. मला ते बघवेना.

पण वळून ती आधी म्हातारबुवांपाशी गेली. तुमच्या गाडीत काही दोष नाही, माझ्या वडिलांची चूक झाली, असं म्हणाली. तेव्हा आमचे हे पुढे झाले. “नो,” ते म्हणाले. “आय डिड नॉट मेक अ मिस्टेक. आय लाइड. आय ॲम सॉरी, सर.”

मी ह्यांना त्याआधी कुणाची अशी माफी मागताना बघितलं नव्हतं. म्हातारबुवांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मला तीन मुली आहेत,” एवढं बोलून ते गुडघे सांभाळत ओट्यावर बायकोपाशी जाऊन बसले.

लेक आमच्या कारपाशी आली आणि पुढच्या चाकाला टेकून खडीतच बसली. मी शेजारी उभी.

“नाही म्हणायचं होतंस, आई.”

“ऐकलं असतंस?”

“नो.”

“मग?”

“बट आय वुड हॅव नोन.” ती सुतळीची गाठ सोडवत होती. “माझ्या कोर्समधल्या सगळ्यांच्या आया ओरडल्या. एकीच्या आईने तिचं हेल्मेट लपवून ठेवलं. त्या मुली दर वेळी येऊन सांगायच्या, माय मॉम इज सो मॅड, माय मॉम इज क्रायिंग. आणि माझी आई? माझी आई प्रत्येक गाडी बघायला यायची आणि जातायेता कारमध्ये स्वेटर विणायची.”

“अगं, ते सगळं मी घरी येऊन उसवायचे. एक ओळ धड येत नव्हती.”

“ते मला कुठे माहीत?” तिने सुतळी बाजूला टाकली. “पहिल्याच दिवशी मी कोर्सची बाइक पाडली. आय वॉज सो स्केअर्ड. म्हणून बाबांना विचारलं. मला वाटलं, तुम्ही दोघं काळजी कराल, ओरडाल, मग मी भांडेन, आणि मग... आय डोन्ट नो. पण तुम्ही इतके कूल होता. आय थॉट यू डिडन्ट माइंड. मला वाटलं, आपलं काही झालं तरी यांना काही वाटणार नाही.”

देवा! मी पण खडीतच बसले. साडीचं काय व्हायचं ते होवो. एवढा उन्हाळाभर पोरीचं मन राखायला म्हणून मी तोंड दाबून बसले, आणि पोर समजत होती की आईला तिची फिकीर नाही.

“मला भीती वाटते गं,” मी म्हटलं. “तू जाहीर केलंस तेव्हापासून वाटतेय. तू नर्सरीतून यायला दहा मिनिटं उशीर केलास तरी मी खिडकीत उभी असते. भीतीनेच तर केलं हे सगळं.”

तिने नाक बाहीला पुसलं. “सो आर यू सेइंग नो?”

“हो. नको घेऊस.”

“ओके.” तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. बराच वेळ टेकलं. मग म्हणाली, “मी घेणार आहे पण.”

“माहीत आहे मला. कुणाची पोर आहेस!”

पुढच्या शनिवारी, सगळे कागद आणि इन्शुरन्स झाल्यावर, आम्ही गाडी आणायला गेलो. म्हातारबुवांनी तिला किल्ली दिली, त्यांच्या बायकोने मला घरच्या टोमॅटोची पिशवी दिली. ह्यांनी लेकीच्या हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढून बघितला. ती पुढे निघाली आणि मागे आमची कार, दुतर्फा मक्याची शेतं. हे इतक्या हळू चालवत होते की मागच्या ट्रकने भोंगा वाजवला.

पहिल्याच ‘स्टॉप’च्या पाटीला ती थांबली आणि आम्ही मागे आहोत ना हे बघायला तिने मान वळवली, वर हातही केला.

मी काच खाली केली. “पुढे बघ, कार्टे!” मी ओरडले. “हात हँडलवर ठेव! दोन्ही!”

हेल्मेटमधून तिचं तोंड दिसत नव्हतं, पण खांदे हलत होते, हसत होती. मग ती पुढे वळली आणि अगदी सावकाश निघाली. वळण आलं की मी ओरडायचे, ट्रक आला की ओरडायचे, काही आलं नाही तरी ओरडायचे, काच पूर्ण खाली करून, तिला ऐकू जावं म्हणून. घर येईपर्यंत हे मला एकदाही गप्प बस म्हणाले नाहीत.